सिनेमातला ट्रॉमा कितपत खरा? आणि एका घटनेने माणसाचा स्वभाव बदलतो का?

प्रश्न थोडक्यात असा, की सिनेमात लहानपणी नाहीतर युद्धात काहीतरी भयंकर घडतं, मग तो माणूस पार बदलूनच जातो, कोणी खुनी होतो, कोणाच्या अंगात दुसरीच व्यक्ती शिरल्यासारखं होतं, कोणी सगळं विसरतो, आणि शेवटी ती एक गोष्ट आठवली, धाय मोकलून रडून झालं की तो बरा. तर खऱ्या आयुष्यात असं होतं का, आणि ट्रॉमाने, म्हणजे अशा मानसिक आघाताने, स्वभाव खरंच बदलतो का, आणि स्वतः अशातून गेलेल्यांनी हे सिनेमे बघावेत का. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं ट्रॉमाचंच काम करतेय आणि सिनेमाही भरपूर बघते, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवते. आणि हो, खाली काही सिनेमांचे शेवट फुटतील, ज्यांना अजून बघायचेत त्यांनी जपून वाचा.

माझं मत विचाराल तर सिनेमाला घटना छान दाखवता येते, घटनेनंतरची वर्षं दाखवायला जमत नाही. स्फोट, आग, मारहाण, बुडणारी होडी, सगळं दोन मिनिटांत पडद्यावर येतं. पण स्वभावावर जो काय परिणाम होतो तो त्या दोन मिनिटांत होत नसतो, तो पुढची दहा-पंधरा वर्षं रोजच्या बारीकसारीक टाळाटाळीतून होत जातो, आणि टाळाटाळीचं शूटिंग कसं करणार, तिथे माणूस काही करतच नसतो ना.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगातल्या साधारण ७० टक्के लोकांवर आयुष्यात कधी ना कधी असा हादरवणारा प्रसंग येतो, अपघात, हिंसा, युद्ध, लैंगिक अत्याचार वगैरे, आणि त्यातल्या जेमतेम ५.६ टक्के लोकांना पुढे पीटीएसडी होतो, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा आजार. हा सरासरी आकडा आहे, लैंगिक अत्याचारानंतर किंवा युद्धात सापडलेल्या लोकांत तो बराच वर जातो, तरीपण बहुतेक लोक काही आठवडे झोपत नाहीत, दचकतात, चिडचिड करतात आणि मग हळूहळू आपले आपण सावरतात. सिनेमाला असा माणूस काय कामाचा, त्याची गोष्ट इंटरव्हलच्या आधीच संपेल. म्हणून पडद्यावर ज्याच्यावर प्रसंग आला तो मोडलाच पाहिजे. याचा एक तोटा मला कायम दिसतो, सावरलेली माणसं येऊन विचारतात की मॅडम, एवढं होऊन मला काहीच कसं झालं नाही, मी दगड आहे का. अहो नाही, तुम्ही बहुसंख्यांपैकी एक आहात, इतकंच.

आता हा "दडलेली आठवण सापडली की सुटका" वाला साचा आला कुठून ते बघू, कारण अजूनही अर्धे सिनेमे त्यावरच चालतात. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड या दोन डॉक्टरांनी हिस्टेरियावर, म्हणजे शरीरात दोष न सापडता दिसणाऱ्या लक्षणांवर, पुस्तक काढलं, त्यात मूळ कल्पना हीच होती की विसरलेला प्रसंग भावनेसकट बाहेर आला की लक्षण जातं. फ्रॉइड स्वतः नंतर त्यापासून बराच लांब गेला पण हॉलिवूड तिथेच मुक्काम ठोकून बसलं, कारण याहून तयार पटकथा कुठे मिळणार, रहस्य आहे, शोध आहे, क्लायमॅक्स आहे. हिचकॉकचा स्पेलबाउंड (१९४५) घ्या, त्यात ग्रेगरी पेकला पांढऱ्यावर समांतर रेषा दिसल्या की भोवळ येते, टेबलक्लॉथवर काट्याने ओढलेल्या रेषासुद्धा सहन होत नाहीत, आणि शेवटी बर्फावरून स्कीइंग करता करता एका क्षणात आठवतं की लहानपणी आपल्यामुळे अपघाताने भाऊ मेला होता, झालं, सगळं ओझं उतरलं. त्याच्याच मार्नीत (१९६४) लाल रंगाची भीती, चोऱ्या, पुरुषाचा स्पर्श नको असणं, या सगळ्याला कारण एकच, लहानपणीची ती एक रात्र. बघायला मजा येते, मी नाही म्हणत नाही, पण एका माणसाच्या इतक्या सवयींना एकच कारण हे मला तरी कधी भेटलेलं नाही.

आणि हे फक्त काल्पनिक सिनेमातच असंही नाही बरं का. जॉन ह्यूस्टनने अमेरिकन लष्करासाठी लेट देअर बी लाइट नावाची डॉक्युमेंटरी १९४६ मध्ये केली, खरं हॉस्पिटल, खरे सैनिक, आणि लष्कराने ती तीसहून जास्त वर्षं दाबून ठेवली. त्यात चालता न येणारा सैनिक सोडियम अमिटाल या गुंगीच्या औषधाच्या इंजेक्शननंतर त्याच बैठकीत उठून चालायला लागतो. खोटं नाहीये ते, कन्व्हर्जनची, म्हणजे मनातला ताण शरीरातून दिसण्याची, लक्षणं अशी जाऊ शकतात. पण पाय चालायला लागणं वेगळं आणि रात्री झोप लागणं, बायकोशी धड बोलता येणं, नोकरी टिकणं वेगळं, आणि तो भाग कॅमेरा बंद झाल्यावर सुरू होतो.

विसरण्याबद्दल पण बोलायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची तक्रार सिनेमाच्या बरोबर उलटी असते, की विसरता येत नाही. आठवतं ते तुकड्या-तुकड्यांत, क्रम लागत नाही, समोरच्याच्या हातातला चाकू लख्ख आठवतो आणि चेहरा मात्र धूसर. मोठा काळच्या काळ पुसला जाणं होतं, डिसोसिएटिव्ह अम्नेशिया हे रीतसर निदान आहे, पण सिनेमात जितका सर्रास दिसतो तितका क्लिनिकमध्ये दिसत नाही. शिवाय खोदून काढलेली आठवण खरी असेलच असं नाही. स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९९५ चा प्रयोग यात प्रसिद्ध आहे, २४ जणांना लहानपणच्या खऱ्या गोष्टींबरोबर "तू मॉलमध्ये हरवला होतास" ही न घडलेली गोष्टही सांगितली आणि साधारण पाव लोकांना ती थोडीफार "आठवली"सुद्धा. म्हणून हिप्नॉटाइज करून भूतकाळात नेणारा डॉक्टर पडद्यावर दिसला की मी अस्वस्थ होते, प्रेक्षकाला तो हुशार वाटतो आणि मला बेजबाबदार.

स्मृतीच्या बाबतीत मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला सिनेमा म्हणजे वॉल्ट्झ विथ बशीर (२००८). दिग्दर्शक आरी फोलमन स्वतः १९८२ च्या लेबनॉन युद्धात सैनिक होता आणि बैरूतमधल्या साब्रा-शतिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांतल्या हत्याकांडाच्या वेळी आपण नक्की कुठे होतो हेच त्याला आठवत नाही, म्हणून तो जुन्या सोबत्यांना भेटत सुटतो. त्यात एक ट्रॉमातज्ज्ञ बाई एका सैनिकाची हकीकत सांगतात, तो हौशी फोटोग्राफर होता आणि युद्धात सगळं जणू कॅमेऱ्यातून बघतोय असं धरून चालला होता, त्यामुळे त्याला काही वाटलंच नाही, आणि मग बैरूतच्या रेसकोर्सवर मरून पडलेले, तडफडणारे घोडे दिसले आणि त्याचा तो मनातला कॅमेराच मोडला. डिसोसिएशन, म्हणजे अनुभवापासून मन तुटून वेगळं होणं, हे विद्यार्थ्यांना शिकवताना मी हीच हकीकत सांगते. बधिरपणा हे त्या वेळी संरक्षण असतं, तो माणूस निर्दयी नसतो.

फ्लॅशबॅकचा घोळ तर दिग्दर्शकांनीच करून ठेवलाय. पडद्यावर फ्लॅशबॅक म्हणजे चित्र, रंग उडालेले, स्लो मोशन, घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने, कारण तो प्रेक्षकाला माहिती देण्यासाठी असतो. खरा फ्लॅशबॅक माहिती देत नाही. कितीदा तर त्यात चित्रच नसतं, नुसता वास येतो, मान आखडते, पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते आणि कशामुळे तेच कळत नाही, आणि मुख्य म्हणजे ते "आठवतंय" असं वाटत नाही, ते आत्ता घडतंय असं वाटतं. म्हणून लोक येऊन सांगतात की मला फ्लॅशबॅक वगैरे काही येत नाहीत, फक्त अधूनमधून उगाच खूप भीती वाटते. सिनेमाने शिकवलेला फ्लॅशबॅक त्यांना येत नसतो ना.

जमलेली उदाहरणं आहेत तशी. फर्स्ट ब्लड (१९८२), हो तोच रँबो, पुढचे भाग सोडून द्या, पण पहिल्या भागात पोलीस त्याला धरून कोरडा वस्तरा गळ्याशी आणतात आणि त्या क्षणी तो पुन्हा युद्धकैदी होतो, हा सीन क्लिनिकली चोख आहे. धरून ठेवलेलं अंग आणि जवळ येणारं पातं, एवढं साम्य पुरतं. त्याहून भारी मँचेस्टर बाय द सी मधला (२०१६). त्यात पोराचा बाप गेलाय, थंडीने जमीन गोठलीय म्हणून दफन लांबलंय, बॉडी शीतगृहात आहे, आणि पोरगा एकदम नॉर्मल, मैत्रिणी, बँड, सगळं चालू. आणि एका रात्री घरच्या फ्रीजरमधलं गोठलेलं मांस खाली पडतं, त्याला ते आत कोंबता येईना आणि तो कोसळतो, श्वास घेता येईना त्याला. ट्रिगर, म्हणजे आघात पुन्हा जागा करणारी गोष्ट, असाच असतो, तो घटनेसारखा दिसायला पाहिजे असं काही नाही, आणि आधीचे कित्येक दिवस "याला काहीच वाटत नाहीये" असं सगळ्यांना वाटत असतं.

आता मूळ मुद्दा, टाळणं. द डीअर हंटर (१९७८) मध्ये रशियन रूलेटचेच सीन लोकांच्या लक्षात राहिलेत, मला मात्र त्यातला दुसराच सीन मोठा वाटतो. रॉबर्ट डी निरो व्हिएतनामहून परत येतो, घराशी सगळे मित्र स्वागताला जमलेत, फलक लावलाय, आणि तो टॅक्सीत खाली वाकतो आणि ड्रायव्हरला सांगतो, थांबू नकोस, पुढे चल, आणि रात्र मोटेलमध्ये काढतो. संपलं. ना रडणं ना किंचाळणं. पीटीएसडी म्हणजे बहुतांशी हेच असतं हो.

याचं मेकॅनिझम समजून घ्या म्हणजे स्वभावाचं कोडं सुटेल. एखाद्या जागेची, गर्दीची, जवळिकीची भीती वाटते, माणूस ती टाळतो, टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच त्याला शिकवतं की पुढच्या वेळीही टाळ. शिवाय टाळल्यामुळे "गेलो असतो तरी काही झालं नसतं" हा अनुभव कधी मिळतच नाही, भीती आहे तिथेच राहते. आधी एक रस्ता सुटतो, मग त्या भागातले मित्र, मग फोन उचलणं, मग लग्नाकार्याला जाणं, आणि दहा वर्षांनी घरचे म्हणतात याचा स्वभावच एकलकोंडा आहे, तोही म्हणतो मला माणसं आवडतच नाहीत. मँचेस्टरमधला ली, केसी अ‍ॅफ्लेकने केलाय, इमारतींची किरकोळ दुरुस्ती करतो, तळघरातल्या एका खोलीत राहतो, कोणी बोलायला आलं तर तुटक बोलतो, आणि बारमध्ये उगाच कुणालातरी ठोसे मारतो. सुरुवातीला बराच वेळ वाटतं काय तिरसट माणूस आहे, आणि मग कळतं की त्याच्या चुकीने घराला आग लागून तिन्ही पोरं गेलीत. ती एकाकी खोली त्याने स्वतःला दिलेली शिक्षा आहे. आणि सिनेमा त्याला शेवटी बरा करत नाही, तो पुतण्याला, म्हणजे त्या फ्रीजरवाल्या पोराला, सांगतो की मला इथे राहणं जमणार नाही, पण नवीन घर शोधताना पुतण्याला येऊन राहता यावं म्हणून एक जास्तीची खोली बघतोय म्हणतो. कित्येकांना हा शेवट निराशाजनक वाटला. मी थेरपिस्ट म्हणून सांगते, त्या एका जास्तीच्या खोलीला आम्ही प्रगती म्हणतो.

मग स्वभाव बदलतो का? एकच प्रसंग, त्याआधी आयुष्य बरं चाललेलं, मोठेपणी घडलेला, तर मूळ स्वभाव बहुतेकदा शाबूत असतो, त्याच्यावर लक्षणांचा थर बसतो, आणि उपचारांनी तो थर उतरला की घरचे म्हणतात, आमचा माणूस परत आला. पण वर्षानुवर्षं, सुटका नसलेल्या जागी, त्यातही लहानपणी आणि सांभाळणाऱ्यांकडूनच झालेला छळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे "आधीचा स्वभाव" असा नसतोच, घडणच त्या वातावरणात झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी असते, आयसीडी, तिच्या जुन्या आयसीडी-१० मध्ये भीषण अनुभवानंतरचा कायमचा व्यक्तिमत्त्वबदल असं एक निदान होतं, बदल किमान २ वर्षं टिकलेला असावा अशी अट होती. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ते गेलं आणि कॉम्प्लेक्स पीटीएसडी आलं, म्हणजे पीटीएसडीची लक्षणं तर आहेतच, वर भावना आवरता न येणं, आपण मुळातच नालायक आहोत ही पक्की समजूत, आणि नाती टिकवता न येणं. ही तिसरी गोष्ट सिनेमाला बऱ्यापैकी जमते, कारण नातं म्हटलं की दोन माणसं आली, सीन आला. गुड विल हंटिंग (१९९७) मधला विल, लहानपणी मार खाल्लेला, पोरगी खरंच प्रेम करतेय म्हटल्यावर तिला सोडायला निघतो, आणि डिअर जिंदगी (२०१६) मधली कायरासुद्धा तेच करते, समोरचा सोडून जाण्याआधी आपणच सोडायचं. बाहेरून हे माज वाटतं.

एकाच घटनेचा तिघांवर तीन प्रकारे परिणाम बघायचा असेल तर ऑर्डिनरी पीपल (१९८०) बघाच. मोठा मुलगा होडी उलटून बुडाला. धाकटा वाचला, आपण का वाचलो म्हणून त्याने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला, परत आलाय पण पोहण्याची टीम सोडतो. बाप सगळ्यांना सांभाळत फिरतो. आणि आई, जी आधीपासूनच टापटिपीची, ती आणखी टापटीप होते, घर चकचकीत, पार्ट्या चालू, मृत मुलाचा विषय बंद. लोक तिला व्हिलन समजतात. मला वाटतं सगळ्यात जास्त आजारी तीच आहे, फक्त तिची लक्षणं नीटनेटकी आहेत. आघाताने तिला वेगळी बाई केलं नाही, होती तीच आणखी कडक केली, आणि हे मी खुर्चीत बसून फार वेळा बघितलंय, काळजी करणारा अतिकाळजी करायला लागतो, अबोल माणूस मुका होतो. गंमत म्हणजे पीटीएसडी हे नाव डीएसएम-३ मध्ये, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानांच्या यादीत, अधिकृतपणे आलं तेही १९८० लाच.

दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाबद्दल थोडक्यात उरकते, कारण त्यावर मी चिडते. थ्री फेसेस ऑफ ईव्ह (१९५७) आणि आपल्याकडे रात और दिन (१९६७), दोन्हीत अभिनय अप्रतिम, जोआन वुडवर्डला ऑस्कर आणि नर्गिसला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण दोन्हीत एक व्यक्तिमत्त्व सोज्वळ घरंदाज आणि दुसरं नाचणारं-पिणारं, म्हणजे आजारापेक्षा समाजाची चांगली बाई-वाईट बाई ही फाळणीच जास्त दिसते. खऱ्या डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डरमध्ये बदल इतका बारीक असतो की घरच्यांनाही वर्षानुवर्षं कळत नाही, कपडे-आवाज-मेकअप सगळं बदलत नाही. आणि स्प्लिट (२०१६) सारख्या सिनेमातला राक्षस तर शुद्ध कल्पना, ही माणसं इजा करतात ती बहुतेकदा स्वतःला. तीच गोष्ट खलनायकांच्या दुःखी बालपणाची. हिंसा करणाऱ्या बऱ्याच जणांचं बालपण वाईट असतं हे खरं, पण वाईट बालपण गेलेले बहुसंख्य लोक कोणावर हात उचलत नाहीत, आणि जोकर (२०१९) सारखे सिनेमे पहिलं वाक्य दाखवतात, दुसरं प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. लहानपणी अत्याचार झालेली मुलगी पुढे काय करते ते बघायचं तर मॉन्सून वेडिंग (२००१) मधली रिया बघा, ती लग्नघरात सगळ्यांमध्ये वावरत असते, लग्न नको म्हणते, आणि तोच काका एका लहान मुलीला एकटीला नेतोय असं दिसल्यावर तोंड उघडते. आणि मग खरी परीक्षा घरच्यांची असते. घटनेनंतर आजूबाजूच्यांनी विश्वास ठेवला की नाही, याने पुढच्या आजारावर फार मोठा फरक पडतो, ते त्या सिनेमाने बरोबर पकडलंय.

उपचारांचं काय? "तुझी काही चूक नव्हती" हे पुन्हा पुन्हा ऐकून गुड विल हंटिंगमधला विल ढसाढसा रडतो, तो सीन मलाही हलवतो, पण त्याच थेरपिस्टने पहिल्याच भेटीत पेशंटचा गळा धरलेला असतो, प्रत्यक्षात तिथेच विषय संपला असता. रडणं म्हणजे बरं होणं नव्हे, कित्येक जण दर आठवड्याला रडतात आणि आहे तिथेच असतात. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांची प्रोलाँग्ड एक्स्पोजर ही उपचारपद्धत घ्या, साधारण ८ ते १५ सेशन, पेशंट तीच घटना डोळे मिटून वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकतो, आणि टाळलेल्या जागांची यादी करून सोप्यापासून अवघडापर्यंत एकेक ठिकाणी जाऊन येतो. पाचव्यांदा ऐकताना त्यालाच कंटाळा यायला लागतो आणि तो कंटाळा आला की मी मनातल्या मनात खूश होते. हे पडद्यावर कोण दाखवणार. आणि घटना घडल्या घडल्या सगळ्यांना बसवून एकदाच "मोकळं व्हा" म्हणायचं, तेही सिनेमात छान दिसतं, पण अशा एका बैठकीच्या डिब्रीफिंगचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, काहींना उलट त्रास वाढलेला दिसलाय. डिअर जिंदगीला मी एक मार्क जास्तीचा देते, तिथे थेरपी संपल्यावर कायरा पुढेही भेटायचं म्हणते आणि शाहरुखचा डॉक्टर नाही म्हणतो. बाकी समुद्रकिनाऱ्यावरची सेशन्स वगैरे सोडून देऊ.

शेवटचा प्रश्न होता की स्वतः अशातून गेलेल्यांनी हे सिनेमे बघावेत का. नुसता सिनेमा बघून पीटीएसडी होत नाही, डीएसएम-५ मध्ये टीव्ही-सिनेमावर बघितलेलं आघातात धरलेलंच नाही, कामाचा भाग म्हणून खरी भीषण दृश्यं बघावी लागणारे सोडून. पण आधीचा आघात असेल तर त्रास उसळू शकतो. म्हणून थिएटरपेक्षा घरी बघा, थांबवता येतं, गोष्ट आधी वाचून घ्या, सरप्राइज गेलं तरी चालेल, सोबत कोणीतरी असू द्या, अंग आखडायला लागलं तर पॉज करून पाय जमिनीवर टेका आणि खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या. दोन-चार दिवस झोप बिघडली तर घाबरू नका, महिनाभर चालू राहिलं तर दाखवा. आणि एखादा सीन अजिबातच बघवला नाही, उठून जावं लागलं, तर तो कुठला होता ते लिहून ठेवा आणि थेरपिस्टकडे गेल्यावर तेवढंच सांगा, "मला सुरुवात कुठून करू कळत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणांबरोबर मी तिथूनच सुरुवात केलीय.